बंदी उठेपर्यंत

टाळी वाजवायला शिकायला मला अख्खा हिवाळा लागला होता, हे मी माझ्या मानलेल्या नातीला सांगते तेव्हा ती माझ्याकडे अशी पाहते, जशी आजीला आता डॉक्टरकडे न्यायची वेळ आली आहे. तिच्या लेखी टाळी म्हणजे दोन तळहात एकमेकांवर आपटणं. तिला काय ठाऊक, अम्माच्या घरी टाळीचं शिक्षण गाण्याच्या क्लासाहून कडक होतं. अम्मा म्हणजे आमच्या तृतीयपंथीयांतली वडीलधारी. रेल्वेलाइनीपलीकडे तिचा डेरा होता. तिच्या चेल्या तिच्यापाशीच राहायच्या, आणि माझ्यासारख्या, म्हणजे आईबापाच्या घरात मुलगा म्हणून वावरणाऱ्या आणि आतून पक्क्या मुली असलेल्या, रविवारी चोरून जायच्या. "बोटं फाकव," अम्मा म्हणायची. "हे काय भजनातली टाळी हाये? तळव्यावर तळवा आडवा पडला पाहिजे. असा आवाज निघाला पाहिजे का समोरच्यानं चहाचा कप खाली ठेवला पाहिजे." माझ्या टाळीचा आवाज मात्र ओल्या पापडासारखा. मी घरी न्हाणीघरात नळ सोडून सराव करायची, आणि आई बाहेरून विचारायची, "पाणी काहून वाया घालवून राहिला गा? लग्नाले जायचं हाये का कुठं?"

आमचं घर नंदनवनात. दोन खोल्या, पुढं फरशीचं अंगण, वर गच्ची. बाबा कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे फळांचा लिलाव पुकारायचे. संत्र्यांच्या ढिगापाशी उभे राहून त्यांनी बोली सुरू केली की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला कांदे निवडणारी बाई मान वर करायची, असं म्हणतात. घरातही त्यांनी जेवताना मीठ मागितलं तर शेजारच्या मेश्राम काकू आपल्या स्वयंपाकघरातून विचारायच्या, "देऊ का भाऊ?" सकाळी आमच्याकडे बुद्धवंदना व्हायची, आणि पौर्णिमेला बाबा विहारात समतेवर भाषण द्यायचे. त्यांना माइक लागत नसे. आई बोलायची कमी, पण जे बोलायची ते चिमटा काढल्यासारखं. तिच्या पाटोडीच्या रश्श्याचा वास गल्लीच्या वळणापर्यंत यायचा, आणि उन्हाळा लागला की कूलरची घरघर, कुकरची शिट्टी आणि बाबांचा आवाज, या तिघांच्या भांडणात मी मोठी झाले.

माझं जुनं नाव मी इथं लिहिणार नाही. ज्याला हवं त्याने आमच्या घरचा स्टीलचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, पाहावा. माझ्या नामकरणाला तो मामाने आणला होता, त्याच्यावर कोरलेलं आहे. अम्माच्या घरी मी मल्लिका होते. हे नाव मी स्वतः ठेवलं होतं, आणि ते उच्चारताना मान थोडी तिरकी करायची असा माझाच नियम होता. घरी समजूत अशी की मी सीताबर्डीला मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. मी होते रामदासपेठेत, एका ब्यूटी पार्लरमध्ये थ्रेडिंग शिकत. एकदा आईने विचारलं, तुझ्या अंगाला पावडरचा वास काहून येते. मी म्हणाले, नव्या मोबाइलला तसाच वास येतो. आईने मान डोलावली. मला वाटलं, काय फसवलं मी. इतकी मी हुशार होते.

मग ती साथ आली आणि सगळं बंद झालं. शाळा, दुकानं, गाड्या, माझं पार्लर, अम्माच्या घरची वाट, सगळंच. आणि एका संध्याकाळी सगळ्यांनी घराच्या गच्चीवर, दारात उभं राहून डॉक्टर-नर्सांसाठी टाळ्या-थाळ्या वाजवायच्या असं ठरलं. आमची गल्ली अशा गोष्टीत मागे राहणारी नाही. मेश्राम काकू परात आणि लाटणं घेऊन त्यांच्या गच्चीवर हजर. आईच्या हातात ताट आणि चमचा. बाबा भाषणाला उभं राहावं तसे सरळ उभे राहून सभ्य टाळ्या वाजवत होते. मी त्यांच्या शेजारी. खरं तर मी हळूच वाजवणार होते. पण आजूबाजूला एवढा गलका, एवढी भांडी, आणि हातांना तर एकच टाळी शिकवलेली. बोटं आपोआप फाकली, तळवा आडवा पडला, आणि हिवाळाभर जो आवाज निघाला नव्हता तो त्या क्षणी निघाला. कोरडा, फटाक्यासारखा. समोरच्या पाण्याच्या टाकीवर आपटून परत आला.

शहाण्या मुलीनं तिथं थांबायला हवं होतं. एक टाळी कुणाचीही चुकून तशी लागू शकते. पण मला त्या आवाजाचा इतका आनंद झाला की मी कंबर एका बाजूला टाकून, मान झटकून, दुसरी मारली.

आमच्या गच्चीपासून शांतता पसरत गेली. आधी आईचा चमचा थांबला. मग काकूंचं लाटणं परातीच्या वर अधांतरी राहिलं. पलीकडची गच्ची, तिच्या पलीकडची. दूर कुठं तरी ज्यांना काही दिसलं नव्हतं ते बिचारे भक्तिभावानं वाजवतच होते. बाबांनी आपले दोन्ही हात पाहिले, जणू काही ती टाळी त्यांच्याच हातून पडली असावी, आणि मग ते जिना उतरून खाली गेले. मागोमाग आई, मागोमाग मी.

"हे कुठं शिकला?" बाबांनी विचारलं. आवाज इतका खाली की मला आधी ओळखूच आला नाही.

"यूट्यूबवर," मी म्हणाले.

"यूट्यूबवर कंबर बी शिकवते का?" आई म्हणाली.

मी कित्येक महिने या प्रसंगासाठी भाषण तयार करून ठेवलं होतं. त्यात आत्मा होता, देह होता, पिंजरा होता, आणि शेवटी मी डोळे पुसत दाराकडे वळते असं होतं. ऐन वेळी त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. तोंडातून निघालं ते असं: "मी मुलगी हाये, अन् मोबाइलच्या दुकानात नाही, पार्लरमध्ये जातो." दोन्ही गोष्टी एका दमात, जणू सारख्याच वजनाच्या.  मग आई सावकाश म्हणाली, "म्हणजे तो पावडरचा वास पावडरचाच होता."

बाबा उठले. त्यांनी दार सताड उघडलं आणि म्हणाले, "निघ."

नेमकी त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी आली होती. भोंग्यातून सांगत होते, कोणीही घराबाहेर पडू नये, बाहेर दिसेल त्याच्यावर कारवाई होईल. बाबा दार धरून उभे. त्यांनी जन्मात कधी लाल दिवा ओलांडला नव्हता. गाडी आमच्या दारावरून पुढं गेली, आतल्या पोलिसानं बाबांकडे पाहून हात हलवला, दार लावा म्हणून. बाबांनी दार लावलं. कडी घातली. आणि भिंतीकडे पाहत म्हणाले, "बंदी उठली का निघायचं. त्याच दिवशी."

त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे थांबले. ज्याचा धंदाच आवाजाचा, त्या माणसानं घरात गप्प बसणं म्हणजे काय असतं ते सांगता येत नाही. पहाटे उठून कळमन्याला जायचे, कारण बाजार थोडाफार चालू होता. उन्हं चढायच्या आत परत येऊन अंगणातच बादलीभर पाण्यानं अंघोळ करायचे, आणि विकली न गेलेली फळं सोबत आणायचे. त्या उन्हाळ्यात आम्ही इतकी टरबुजं खाल्ली, त्यांच्या सालीची इतकी भाजी खाल्ली, की मला आजही टरबूज दिसलं की मी नमस्कार करून पुढं जाते. जेवताना मी बाबांच्या समोर बसलेली, आणि ते आईला म्हणायचे, "त्याले सांग, कूलरमध्ये पाणी टाक." आई माझ्याकडे वळून म्हणायची, "कूलरमध्ये पाणी टाक." मी आईला सांगायची, "टाकतो म्हणा." आई परत बाबांकडे वळायची नाही. ती म्हणायची, "मी काय टेलिफोन ऑफिस हाये?"

अख्खा देश बंदी कधी उठते म्हणून डोळे लावून बसला होता, आणि त्यात मी एकटी ती उठू नये म्हणून बसले होते. वरून अर्थातच तोरा. मला काय, मी तशीही जाणारच होते, असं मी रोज स्वतःला सांगायची. पिशवी भरून ठेवायची, आणि त्यातला टॉवेल लागला की पुन्हा उपसायची. टीव्हीवर बंदी वाढवल्याची बातमी आली की शेजारी काकू कपाळाला हात लावायच्या, बाबा उसासा टाकायचे, आणि मी न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, हसायची. बाहेर आले की चेहरा लांब. अम्माकडे जाता आलं असतं, हे खरं. पण फोनवर तीच म्हणाली होती, "ये, पण इथं आम्ही भुईवर एकमेकीच्या पायात डोकं घालून झोपून राहिलो. कमाई बंद, लग्न-बारशाची बधाई बंद. घर सुटत नसन तर सोडू नको वं. डेरा कुठं पळून नाही चालला." मला घर सोडायचं नव्हतंच. हे मला माहीत होतं, फक्त कुणाला सांगायची हिंमत नव्हती, मल्लिकेला तर मुळीच नाही.

दुपारी बाबा कूलरसमोर झोपले की मी जिन्यात बसून फोन लावायची. एकीकडे अम्मा, दुसरीकडे चांदनी. चांदनी माझ्यासारखीच रविवारी अम्माकडे येणारी, माझ्याच वयाची, गोंदियाला भावाच्या घरी अडकलेली. तिला मोकळं बोलायला संडासाशिवाय जागा नव्हती, त्यामुळे तिच्या प्रत्येक दुःखाला मागून बादली भरल्याचा आवाज असायचा. माझ्या टाळीची गोष्ट मी हुंदके देत सांगितली तेव्हा अम्मानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आवाज कसा निघाला?" मी म्हणाले, खणखणीत. "मंग ठीक हाये," अम्मा म्हणाली. तिचे दोन नियम होते. रडायचं असेल तर आधी जेवायचं, उपाशीपोटी रडलं की चक्कर येते. आणि रोज प्रत्येकीनं आज काय पाहून हसू आलं ते सांगायचं. काहीच आलं नसेल तर खोटं सांगायचं, पण सजवून. चांदनीच्या संडासाच्या खिडकीत म्हणे रोज एक मोर यायचा. पुढं पुढं तो तिच्याशी बोलायलाही लागला. भावाच्या बायकोबद्दल त्याचं मत फार वाईट होतं.

हे सगळं गमतीचं वाटतं, आणि होतंही. पण उन्हाळा चढत गेला तशी मी आत आत बुडत गेले. डॉक्टरांनी दिलेल्या माझ्या हार्मोनच्या गोळ्या संपल्या, नव्या मिळेनात. चेहऱ्यावर खुंट वाढू लागले. न्हाणीतल्या आरशावर मी टॉवेल टाकून ठेवला. आवाज ऐकू येऊ नये म्हणून बोलणं सोडलं, मग फोन उचलणं सोडलं, मग भिंतीकडे तोंड करून दिवस काढू लागले. अम्मानं कुठून तरी एका समुपदेशक मुलीला माझा नंबर दिला. ती गोड आवाजात म्हणाली, डोळे मिटा आणि तुम्हाला जिथं सुरक्षित वाटतं ती जागा आठवा. मी म्हणाले, पार्लर, पण ते बंद आहे. मग ती म्हणाली, दीर्घ श्वास घ्या. मी घेतला, आणि नेमकी त्याच क्षणी आईनं मिरचीची फोडणी दिली. खोकून खोकून माझा जीव गेला, आणि ती मुलगी घाबरून विचारत राहिली, ताई, तुम्हाला ताप आहे का, चव गेली का. बिचारीनं नंतरही चिकाटीनं फोन केले. तिचे मी एकदा तरी आभार मानायला हवे होते.

एका दुपारी मी गच्चीवर टाकीपाशी जाऊन बसले. का गेले होते ते मला ठाऊक आहे, आणि ते मी इथं लिहिणार नाही. माझ्या त्या वयातल्या बावळट स्वतःची मी पुष्कळ थट्टा केली आहे, पुढंही करणार आहे. पण त्या दुपारच्या मुलीची करत नाही. ती आठवली की मी हातातलं काम थांबवते आणि ती उठेपर्यंत तिच्याजवळ बसते.

उन्हानं गच्ची पेटली होती. जिन्यात चपला वाजल्या आणि आई वर आली. तिच्या हातात शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याचं रीळ होतं. ती माझ्यापासून थोडी दूर थांबली, टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदरानं मान पुसत म्हणाली, "किती हाका मारून राहिली मी. खाली ये वं. माह्या भुवया पाह्यल्या का? अस्वलावानी झाल्या."

आईनं जन्मात कधी भुवया कोरल्या नव्हत्या.

मी उठले. खाली आल्यावर ती बाजेवर आडवी झाली आणि डोळे मिटून घेतले. मी तिच्या कपाळाला पावडर लावली, दोऱ्याचं एक टोक दातात धरलं, पीळ दिला.  पहिला केस निघाला तशी आईनं बाजेची दोरी घट्ट धरली.

"पैसे देऊन हे करून घेते बाया?"

"बोलू नको. भुवई हालते."

"बरं." जिन्यातले माझे फोन तिनं ऐकलेले होते. "तुही ती अम्मा. जेवू घालते का तुले?"

"हो. रडायच्या आधी."

"शहाणी दिसते बाई." मग, "अन् नाव काय ठेवलं तू?"

मी दातातला दोरा काढला, मान तिरकी केली आणि सांगितलं. आईनं एक डोळा उघडला. "मल्लिका? हे तं पानमसाल्याचं नाव वाटते. तू पोटात होती तं आम्ही सुजाता ठरवलं होतं. तुह्या बाबानंच."

मला आजही आठवतं, त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते निम्मं आनंदाचं आणि निम्मं निराशेचं होतं. सुजाता. आमच्या गल्लीत एक सुजाता होती, आणि ती रेशनच्या रांगेत भांडायची. मला वाटलं होतं, माझ्या नावात जरा झुंबरं असावीत. पुढं आयुष्यभर मी सुजाताच राहिले, आणि रेशनच्या रांगेत मीही बऱ्यापैकी भांडते.

दुसऱ्या भुवईच्या वेळी मी विचारलं, "बंदी उठल्यावर बाबा खरंच काढतील का मले?"  आई म्हणाली, "बोलून तं बसले. अन् कळमन्यातला माणूस बोललेली बोली वापस नाही घेत, तुले मालूम हाये. एकदा घेतली तं दुसऱ्या दिवशी बाजारात कोन उभं करन त्याले?" तिनं हात वर करून भुवई चाचपली. "पन तिसरा पुकारा त्याच्या तोंडात असते. एक झालं, दोन झालं, तरी तीन म्हणेपर्यंत माल कोनाचाच नसते. चाल, आता आरसा दाखव."

आरशावरचा टॉवेल मला काढावाच लागला.

आईच्या भुवया चांगल्या झाल्या नव्हत्या, खरं सांगायचं तर. एक जरा वर गेली होती, त्यामुळे ती पुढचे कित्येक दिवस सतत आश्चर्यचकित दिसत होती. तरी गल्लीत बातमी पसरली. सगळी पार्लरं बंद, आणि बायकांच्या चेहऱ्यांवर रान माजलेलं. दुसऱ्याच दिवशी मेश्राम काकू त्यांच्या गच्चीच्या कठड्यावरून वाकल्या. माझ्या टाळीची बातमी चार गल्ल्यांत पोचवली ती यांनीच. इकडंतिकडं पाहून म्हणाल्या, "माह्या मिश्या लय वाढल्या वं. मास्क हाये म्हणून लाज झाकून राहिली." मग त्या आल्या, अंगणात स्टूल ठेवून बसल्या, आणि मास्क काढायला तयार होईनात. साथ होती ना. ओठांवरचे केस काढायचे आणि ओठ दाखवायचे नाहीत. शेवटी त्यांनी मास्क वर सरकवून डोळ्यांवर घेतला, आणि आंधळ्या कोशिंबिरीला बसल्यासारख्या बसून राहिल्या. जाताना म्हणाल्या, "हात हलका हाये तुहा. टाळी तेवढी जड हाये." संध्याकाळी त्यांच्याकडून टोपलीभर कुरड्या आल्या.

मी पुन्हा फोन उचलू लागले. त्या दिवशी काय पाहून हसू आलं हे सांगताना मला सजवावं लागलं नाही. चांदनी बादलीच्या आवाजात इतकी हसली की तिच्या वहिनीनं दार वाजवलं.

एकदा बाबा बाजारातून आले तेव्हा अंगणात तीन बायका अंतर राखून बसलेल्या आणि मी मधे, दातात दोरा. बाबा फाटकाशी फळांची पिशवी घेऊन उन्हात उभे राहिले, त्यांना अंघोळीला जागाच नव्हती.  रात्रीच्या जेवणाला आईला म्हणाले, "घराचा बाजार करून ठेवला." आईनं त्यांच्या ताटात भाकर वाढली. "बाजारच तं हाये. दर पौर्णिमेले विहारात समता सांगता, ते फक्त विहारात चालते का? घरी आणली तं खराब होते, टरबुजावानी?" ती हे म्हणाली तेव्हा तिची वर गेलेली भुवई अशी काही दिसत होती की बाबांनी मान खाली घालून मुकाट्यानं भाकर मोडली.

आणि मग, ज्याची मला धास्ती होती तेच झालं. टीव्हीवर सांगितलं, आता दुकानं उघडणार, रस्ते मोकळे होणार. शेजारी काकूंनी पुन्हा परात वाजवली. मी आत जाऊन पिशवी भरली. आज तिच्यातल्या वस्तू आठवून मला हसू येतं. दोन ओढण्या, लिपस्टिका, एक पैंजण, दुसरं सापडलं नव्हतं, आणि एकही कपडा नाही जो रोज घालता येईल. राणी वनवासाला निघाली होती. मी केस मागे झटकले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहिले. बाबा पेपर वाचत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात, हात पिठाचे.

"इचार, सामान घेऊन कुठं?" बाबा पेपरातूनच आईला म्हणाले.

आई हातांचं पीठ झटकत राहिली. मीच म्हणाले, "बंदी उठली."

पेपर हळूच खाली आला. बाबांनी चष्मा काढला. आणि त्या दिवसानंतर प्रथमच सरळ माझ्याकडे पाहून विचारलं, "शाळा सुरू झाल्या?"

"नाही."

"सिनेमा?"

"नाही."

"लग्नात पंगत बसते?"

"नाही अजून."

"मंग उठली कुठं? सैल केली त्याईनं थोडी. सैल करणं वेगळं अन् उठणं वेगळं." चष्मा पुन्हा नाकावर गेला, पेपर पुन्हा वर. मग त्यामागून आवाज आला, "कूलरमध्ये पाणी टाक."

मी इतकी मठ्ठ, की मला वाटलं ते सरकारी नियमाचा अर्थ समजावून सांगताहेत. मी पिशवी तशीच हातात धरून कूलरमध्ये पाणी टाकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडवेल्या आवाजात आईला विचारलं, "म्हणजे शाळा सुरू झाल्या का जायचं?"  "पार्लरमध्ये डोकं बी कापून देते का वं?" ती म्हणाली आणि पोळी लाटायला लागली.

पुढं शाळा सुरू झाल्या. बाबा म्हणाले, लहान पोरांच्या कुठं झाल्या. सिनेमे सुरू झाले. ते म्हणाले, निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून राहिले, याले सुरू म्हणते का. मी पार्लरला जाऊ लागले, ओढणी घेऊन, उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटीवर. नागपूरच्या निम्म्या पोरी तशाच दिसतात, त्यामुळे कुणी वळूनही पाहत नव्हतं, आणि याचं मला मनातून थोडं वाईटच वाटायचं. बाबा फक्त एवढं म्हणायचे, "मास्क आतून लाव, स्कार्फानं भागत नाही." मग ती दुसरी लाट आली, आणि बाबांना कारण शोधावं लागलं नाही. तेव्हा घरात कुणीच काही गमतीचं बोललं नाही. मेश्राम काका गेले. कित्येक दिवसांनी काकू आमच्या अंगणात आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "कर." मी दोरा घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोरा ओला झाला की पकडत नाही, म्हणून मी थांबत थांबत, पुसत पुसत करत राहिले. आईनं आतून दोघींसाठी चहा आणला आणि तीही खाली बसली.

तेही दिवस सरले. पार्लरच्या मॅडमनी मला माझी स्वतःची खुर्ची दिली. रामदासपेठेत पार्लरच्या मागेच एक खोली मिळत होती, उशिरापर्यंत काम असायचं, म्हणून मी जायचं ठरवलं. या वेळी पिशवीत रोज घालायचे कपडे होते. मी बाबांना सांगितलं तेव्हा ते अंगणात दाढी करत होते. अर्धा गाल साबणाचा.

"बंदी उठली असं म्या म्हटलं का?" ते म्हणाले.

"बाबा, सगळं सुरू झालं. पंगती बी बसून राहिल्या."

"दवाखान्यात मास्क लावतेच ना लोकं अजून." त्यांनी उरलेला गाल पूर्ण केला, वस्तरा धुतला, तोंड पुसलं. "बाजारातून टेम्पो आणतो. पन हे बंदी उठली म्हणून नाही. काम हाये म्हणून. सुट्टीच्या दिवशी घरी यायचं."

टेम्पो आला. सामान ते काय, एक बाज, एक पेटी, तो गंज, जो मी नको म्हणत असताना आईनं आत तांदूळ भरून दिला, आणि माझा मोठा आरसा. टेम्पोवाला नवखा होता. त्यानं आरसा बघून विचारलं, "हे कोनाचं हाये साहेब, तुमच्या सुनेचं?" आणि बाबा, ज्यांचा लिलावाचा आवाज आमच्या घरात त्या टाळीपासून कुणी ऐकला नव्हता, त्यांनी तो पूर्ण सोडला, म्हणे. "माह्या पोरीचं हाये. सुजाताचं. सांभाळून उचल." गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू गेलं. मी मात्र तेव्हा आत दुसरं पैंजण शोधत, पलंगाखाली डोकं घालून, आईशी तणतणत होते, आणि मला काहीच ऐकू आलं नाही. मेश्राम काकूंनी ते फोन करून सांगितलं, तेव्हा आम्ही रामदासपेठेत पोचलो होतो, आणि बाबा आरसा आडवा उतरवायचा की उभा यावरून टेम्पोवाल्याशी भांडत होते.